पायाखालची खरखर

मे महिना. लोफोटेनचा हंगाम सरलाय,
किनाऱ्यावरच्या लाकडी मांडवांवर कॉडच्या जोड्या वाळतायत,
आणि 'तेर्ना' उतारावर ओढून घेतलीय,
पोट उघडं, कालवं खरवडलेली.
डेक तेवढा उरलाय.

चार फळ्या रंगवल्या मी, चार तऱ्हांनी.
एकीत चाळलेली वाळू,
एकीत अक्रोडाच्या टरफलांचा भुगा,
एकीवर दुकानदाराने शपथेवर दिलेला
दोन डब्यांचा महागडा लेप, काळा, काचेसारख्या कणांचा,
आणि शेवटी रबराची चुरी, कारण ती स्वस्त होती.
खाली विटा लावून फळ्या तिरक्या केल्या,
लाट डाव्या अंगाने आली की डेक होतो, तेवढ्या.
त्यांवर कॉडचं काळीज चोळलं दोन्ही हातांनी,
बादलीभर समुद्र ओतला
आणि बूट चढवून उभी राहिले.

शेजारच्या बोटीवरून ओड्वार ओरडला,
"मासे संपले म्हणून फळ्यांना जेवू घालतेस काय?"
मी उत्तर दिलं नाही.
रबरावरून माझा पाय तेव्हा निघालेलाच होता.

वडील म्हणतात, आमच्या वेळी मीठ भुरभुरवायचो, बस्स.
आमच्या वेळी पाय शहाणे होते.
त्यांच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत
आणि कमरेत पोलादी पट्टी.
पडलो तरी नाक वर, ते असं.

फेब्रुवारीतली ती पहाट मी कुणाला सांगत नाही.
विंचपाशी आस्लाकचा पाय गेला.
गेला म्हणजे काय, होता आणि नव्हता.
हातातली सुरी त्याने आधी समुद्रात भिरकावली,
पडता पडता, आमच्यापासून लांब.
एवढा वेळ असतो माणसाला, पडताना.
गुडघा तीन ठिकाणी.
आता तो रोज फोन करतो: काय ठरलं?

वाळू धरते. इतकी धरते
की गुडघे टेकले तर पँट फाटते,
आणि रक्त दाण्यादाण्यांत बसून राहतं,
ब्रश झिजतो, रक्त नाही.
महागडा लेप त्याहून धरतो.
त्याच्यावर मी कालचा एक मासा ओढून पाहिला, हातभर,
गळावरून सुटून पडतो तसा:
पोटभर ओरखडे.
गोदामातली इंगेबोर असला मासा उलटा करून बघते
आणि काही न बोलता
खालच्या भावाच्या पेटीत टाकते.
जे माणसाला धरतं, ते माशाला सोलतं.
हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

"अक्रोड," मी फोनवर म्हटलं.
"खायला?"
"चालायला."

मग तीन दिवस ग्राइंडर, धूळ, पुन्हा धूळ.
दोर जिथून आत येतो तिथे हातभर पट्टा
चिकटपट्टी लावून गुळगुळीत राखला, माशांसाठी;
तिथे पाय द्यायचा नाही, हे आता पायांनी शिकायचं.
बाकी सगळीकडे राखाडी रंग, आणि तो ओला असतानाच
कोंबड्यांना दाणे टाकावेत तसा भुगा, मूठ सैल सोडत.
विंचपाशी मात्र वाळू. तीही दोन थर.
तिथे पँट फाटली तर फाटू दे.

या दिवसांत रात्र होत नाही इथे,
त्यामुळे सुकायला ठेवलं असं म्हणता येत नाही,
नुसतं एकटं सोडलं.
सकाळी पाहते तर डेकवर पावलं.
समुद्रपक्ष्याची, तीन बोटांची,
मागच्या टोकापासून निघालेली,
माशांचा पट्टा बरोबर टाळून विंचपर्यंत,
तिथे जरा घुटमळलेली,
मग कठड्याकडे, आणि पुढे काही नाही.
वडिलांनी वाकून पाहिलं, कमरेवर हात ठेवून.
"पुसून घे," म्हणाले.
मी पुसली नाहीत.

संध्याकाळी आस्लाकचा फोन.
"एकजण चालून गेला वरून," मी सांगितलं.
"पडला?"
"नाही."
बराच वेळ तो काही बोलला नाही.
नुसता काठीचा आवाज येत राहिला,
फरशीवर, त्याच्या स्वयंपाकघरात,
खिडकीपर्यंत, आणि परत.