दुसरा हात

होडी विकली त्या दिवशी
बेलार्मिनोनं वल्ही दिली, जाळी दिली,
नांगर दिला, दोर नीट गुंडाळून.
पिवळ्या रंगाचा दीड डबा मात्र
न्यायला विसरला निबाल्दो.
किंवा आधीपासूनच त्याला ती निळी करायची असेल.

दीड डबा. वर साय धरलेली.
साय काठीनं अलगद काढायची, ढवळायची नाही.
हे मला कुणी शिकवलं नाही,
दुधानं शिकवलं.

आधी स्टूल घेतलं. एक पाय आखूड.
पॉलिश पेपरनं घासलं, लाकडाच्या रेषेरेषेनं;
आडवं घासलं की लाकूड ते लक्षात ठेवतं.
पुसलं, रंगवलं,
वाळायला ठेवलं चुलीपासून हातभर लांब,
कारण चिलोएत ऊन येतं ते
घाईतल्या पाहुण्यासारखं, कोट न काढता.

मग तेलाचे डबे.
तळाला खिळ्यानं भोकं पाडायची ती रंगाच्या आधी,
नंतर पाडली तर टवके उडतात.
दोघांचे उडालेच. जिरेनियम वाढेल, झाकेल.
मग जाळ्यांचे जुने बोये, खिडकीत टांगायला.
मग पावाची पेटी. मग संडासाची कडी.
शेजारची ओतिलिया कुंपणावरून म्हणाली,
बाई, मांजर आत घे.

एप्रनलाही तोच रंग लावला, ती चूक.
सकाळी एप्रन भिंतीला टेकून
कुणी घातल्याशिवाय उभा.
कापडाला कापडाचाच रंग लागतो.
कास्त्रोहून आणला, एवढीशी बाटली,
बसच्या भाड्याहून महाग.

बहिणीच्या नातवाच्या शर्टासाठी बटाटा घेतला,
आमच्याच वाफ्यातला, जांभळा, आल्यासारखा वेडावाकडा.
मधोमध कापायचा,
कापलेली बाजू फडक्यावर पालथी घालायची,
पाणी सुटू द्यायचं.
शर्टाच्या आत पुठ्ठा सरकवायचा,
नाहीतर छातीवरचं पाठीवर उमटतं.
मी मासा कोरला. एलिसेओला तो चमचा वाटला.
म्हटलं, पोहणारा चमचा आहे.

मग म्हणाला, अक्षरं पण हवीत.

माळ्यावरून साचा काढला,
पुठ्ठ्याचा, भोकांच्या कडांना पिवळं साकळलेलं.
एकोणीस वर्षं, दर ऑक्टोबरात,
याच भोकांतून होडीचं नाव लिहिलं:
ला पोर्फियादा. हट्टीच होती ती.
बेलार्मिनो साचा धरायचा,
मी कापडाचा बोळा टेकवायची.
बोळा कोरडा हवा.
लोभ केला की अक्षरांना मिशा फुटतात.

या वेळी एका टोकावर कप ठेवला,
दुसऱ्यावर थंड इस्त्री.
नाव आलं. शेवटचं अक्षर जरा घसरलं.

रविवारी एलिसेओ धक्क्यावर उभा,
छातीवर नाव आणि चमचा,
आणि समोर ती, निळी,
अजून काहीच न लिहिलेली.
निबाल्दोनं टोपी काढली,
परत घातली,
म्हणाला, आज वारा आहे.

बेलार्मिनो धक्क्यावर जात नाही.
घरात पिवळं वाढत गेलं
तसा एकेका खोलीतून निघत गेला,
शेवटी बाहेरच्या पायरीवर,
आमच्याकडे पाठ करून.
मी काही म्हटलं नाही.
माझी बोटं पिवळी होती, तोंड कशाला उघडू.

काल रात्री उठले तर
स्वयंपाकघरात दिवा.
स्टूल मांडीवर उलटं घेतलेलं,
पायांच्या आतल्या बाजूनं
तो अंगठा फिरवत होता,
जिथं मी पोचलेच नव्हते.

लाकूड दिसतंय, म्हणाला.
एका हातानं भागत नाही.

डब्यात तळाला बोटभर उरलेला.
मी ब्रश शोधू लागले
ओट्यावर, खाली, खिडकीत.
त्याच्याजवळच होता,
धुतलेला.