आभाराच्या यादीतलं नाव

डिसेंबरात ग्रोनिंगेनला चार वाजताच दिवे लागतात.
कालव्याकडची खोली, अकरा जण, ओले कोट,
आणि फळ्यावर मी काढलेलं घर :
दार बंद, खिडकीला पडदा.
आत मतपेटी नाही. पण मारहाणही नाही,
शेजाऱ्यावर दगड नाही,
गाऱ्हाणं ऐकायची सोय आहे.
अशा घराशी, मी म्हणाले, शेजारधर्म पाळावा,
उंबऱ्यावर उभं राहून उपदेश करू नये.
वीस वर्षं काढतेय हे घर.
खडूला आता ते पाठ झालंय.

योस्ट म्हणाला, शेजारधर्म कसला! व्यापार तोडा.
बोटांना सायकलचं ग्रीस, आवाजात शंका नाही.

नूफ इतका वेळ त्या पडद्याकडे बघत होती.
आमच्याकडे गुरुवारी दरबार भरतो, ती म्हणाली.
कुणीही जावं. माझे वडील जातात.
वेलदोड्याची कॉफी मिळते, इवल्या कपात, तीनदा.
अमीर त्यांचा हात हातात घेतात,
काकाचं नाव विचारतात
जणू पहिल्यांदाच ऐकताहेत,
कुठल्या तुरुंगात, तेही विचारतात,
आणि तीन आठवड्यांत उत्तर येतं.
नेमानं. जाड कागदावर.
नऊ वर्षांची उत्तरं
आईनं बिस्किटांच्या डब्यात ठेवलीत.

"आमचं ऐकलं जातं.
मोजलं जात नाही."

योस्टची मान जोरात हलली. जिंकल्यासारखी.
ती त्याच्याकडे वळली :
तू व्यापार तोडलास
तर दरबारातली कॉफी नाही संपणार.
आजीचं इन्शुलिन संपेल.

मग रेडिएटर तेवढा खडखडत राहिला.
मी डस्टर शोधत होते,
ते माझ्याच हातात होतं.

एप्रिलमध्ये माझ्या लेखाची मुद्रितं आली.
'सहिष्णुता' हा शब्द एकेचाळीस वेळा.
'खपवून घेणं' एकदाही नाही.
नूफचं वाक्य तिसऱ्या पानावर, डब्याशिवाय,
आणि शेवटी, आभारात, तिचं नाव.

रात्री तिचा निरोप :
नाव काढाल का? जूनमध्ये घरी जातेय.

का, ते विचारलं नाही मी.
काढलं.
त्या जागी लिहिलं, 'एका विद्यार्थिनीचे'.
कॉफी केली, प्यायले, परत येऊन वाचलं,
आणि तेही खोडलं.

वर्गात मुली तिघीच होत्या.