मान टाकते

हॅलिफॅक्सच्या चढावर कुरकुर नाही,
उतारावर तर गुणगुणते.
फक्त थांबायचं म्हटलं
की मान टाकते.

किंग क्रॉसच्या सिग्नलला तीनदा.
मागच्या बसवाल्याने हॉर्नही दिला नाही,
सरळ थर्मास उघडला.

एका शनिवारी मी जेट साफ केला.
पुढच्या शनिवारी पॉइंट्सची गॅप, नवे प्लग,
डॅशपॉटमध्ये चमचाभर तेल.
शेवटी आयडलचा स्क्रू इतका पिळला
की मॉरिस उभ्या जागी किंचाळायला लागली.

"हे ताप आल्यावर थर्मामीटर फोडणं झालं,"
शेजारचे क्लेमंट ब्रूस्टर म्हणाले.
गिरणीच्या लॉऱ्यांनी त्यांचा एक कान नेलाय.
उरलेल्या कानाला त्यांनी लावला
बागेच्या पाइपचा हातभर तुकडा,
आणि दुसरं टोक मॅनिफोल्डभोवती फिरवत राहिले,
डोळे मिटून.

मग पाइप माझ्या कानाला दिला.

सुस्कारा.
बारीक, न थांबणारा.

ब्रीदरच्या रबरी नळीला, खालच्या अंगाला,
नखाएवढी चीर.
वेगात असताना ही चोरटी हवा खपून जाते.
थांबल्यावर मुळात घासभरच पेट्रोल,
त्यात ही वाटेकरी.

नळी साडेतीन पौंडांची.
स्क्रू परत सैल केला, पाव पाव फेरा.

क्लेमंट पाइप गुंडाळून जेवायला गेले.
गाडी दारात, चालू.
डॅशबोर्डखालच्या फळीवर
मगातला चहा बारीक थरथरतोय.
मला कुठेच जायचं नाहीये.
तरी किल्ली फिरवून
बंद करवत नाही.