सळईचं टोक

पलूस मागं पडलं, ऊस विरळ झाला,
द्राक्षांचे मांडव सुरू झाले
आणि येरळेच्या अलीकडं ती पाटी:
ताजी बीअर. चुलीवरचं जेवण. गाड्या आत लावा.
अण्णा म्हणाले, पाटीवर लायसन नंबर नाही.

एकोणीस वर्षं झाली त्यांना रिटायर होऊन
दारूबंदी खात्यातून.
(खात्यानं ते नाव कधीच टाकलं,
अण्णांनी अजून नाही.)

नंबर आत होता, फ्रेम करून, गल्ल्याच्या वर.
चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी तो पुरता वाचला,
मुदतीच्या तारखेसकट.
मगच खुर्ची ओढली.

बेदाण्याचं शेड होतं हे पूर्वी.
जाळ्या तशाच आहेत, थरावर थर,
आता त्यांवरून बल्ब लोंबतात.
सिद्राम नावाचा जतचा पोरगा
भडंग ठेवून गेला, वर कांदा, लिंबाची फोड,
आणि माझ्यासाठी पाटावर पाच छोटे ग्लास,
जोंधळ्याची, गुळाची, आणखी कसकसली,
हळकुंडाच्या पिवळ्यापासून काकवीच्या काळ्यापर्यंत.

अण्णा आयुष्यात प्यायले नाहीत.
पण नाक!
उन्हाळ्यात येरळेच्या कोरड्या पात्रात
हे चालायचे पुढं, हातात लोखंडी सळई.
वाळूत खुपसायची, उपसायची, टोक हुंगायचं.
दहा पावलं. पुन्हा.
पिंप कुठं पुरलंय, गूळ कधी घातलाय,
नवसागर आहे की नाही,
सगळं त्या टोकाला कळायचं.

आज त्यांनी एकेक ग्लास नाकाशी नेला
आणि जागच्या जागी ठेवला.
तिसऱ्याला थांबले.
पुन्हा नेला.
मालकीणबाईंना बोलवा, म्हणाले.

पल्लवी लाड आली, गमबूट, ओले हात,
कानामागं पेन.
'ही टाकी बिघडलीय,' अण्णा म्हणाले,
'आज नाही कळणार कुणाला. परवा कळेल.'
ती हसली, मग प्यायली, मग हसली नाही.
टॉर्च घेऊन मागं गेली.
आम्ही भडंग खाल्ला. शेंगदाणे तेवढे
अण्णांनी वेचून माझ्या बाजूला सारले,
दात नाहीत त्यांना.

ती परतली ती पाईप लावायला माणूस शोधत.
चारशे लिटर.
'बघायला येता का, काका?'
'नको,' अण्णा म्हणाले,
'ओतताना खूप बघितलंय.'

आवाज मात्र येत राहिला भिंतीपलीकडून,
पन्हाळीत, मग चरात, मग मातीत.
तेवढ्यात, कुणी विचारलं नसताना,
त्यांनी सांगायला घेतलं:
निमणीच्या अंगाला एक बाई होती.
तीन पिंपं निघाली तिच्या वाळूत.
रडली नाही, शिव्या नाहीत, पाया पडली नाही.
एवढंच म्हणाली,
'ओता की. पण ती कळशी फोडू नका, साहेब,
ती पाण्याची हाय.'

'मग?' मी विचारलं.

सिद्राम बिल घेऊन आला.
तिसऱ्या ग्लासाचे पैसे लावले नव्हते.
अण्णांनी ते लावायला लावले,
पावती मागितली,
घडी घालून खिशात ठेवली.

दारापाशी पल्लवी म्हणाली,
महिन्यातून एकदा याल का, काका? नुसतं हुंगायला.
गाडी पाठवते.
अण्णांनी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही,
तिच्या गमबुटांकडं बघितलं
आणि म्हणाले,
चराचं तोंड बांधून घे, पोरी,
खाली कुणाची तरी विहीर असंल.

परतताना पुलावर मी गाडी हळू केली.
येरळेत चांदण्यापेक्षा वाळू जास्त.
'कळशीचं काय झालं, अण्णा?'

'काच खाली घे,' ते म्हणाले,
आणि वारा आत आला तसं
नाक बाहेर काढून
बराच वेळ बसले.