सतरावी फेरी

सोमवारी उद्यमनगर बंद असतं,
पण सासन्यांच्या शेडचं शटर गुडघ्याइतकं वर होतं
आणि आत कालची शर्यत अजून सुटत होती.

सरफेस प्लेटवर नट मांडलेले.
गंजका, मोठा : नऊ नंबर, मगदूमची गाडी.
पितळी : सत्तावीस, इर्शादची.
चहाचा पेला म्हणजे पुढं चाललेली बोलेरो.
ग्रीसचा डबा म्हणजे मचाण,
ज्यावर काल मी उभा होतो.

"हितनं बघ," बाजीराव खुडे म्हणाला
आणि खाली बसला, एक डोळा मिटून,
चकमधला जॉब हलतो का बघावं तसा.
"निशाण पडायच्या आधी हलला का न्हाई पितळी?"
"हलला न्हाई. सुटला. निशाण पडलंवतं."
"तू वड्याच्या गाड्यावर हुतास लगा!"
"वडा हातात हुता, डोळं ट्रॅकवर."
"दहा सेकंद कापली पंचांनी. उगंच?"
"पंच मगदूमच्या साडूचा."
"तुझाबी कोण तरी लागतोयच की कुणाचा!"

दोन्ही इंजिनं याच गल्लीत उघडलेली.
एकाचं हेड इथं घासलं, एकाचं बोअर समोर.
आता दोन्ही बाजूंना कळ लागलेली,
आणि मिसळीच्या कटावर गार तवंग.

मला त्यांनी एकदाच विचारलं.
मी म्हणालो, पंचांनी दिलंय ते दिलंय.
मग कुणी विचारलं नाही.
निशाणाकडं सगळे बघतात,
निशाणवाल्याकडं कोण बघतं?

मी कोपऱ्यात व्हर्नियर पुसत बसलो.
शंभराव्या भागाचा फरक त्यावर दिसतो.
कालचा फरक
कशावरच दिसणार नाही.

सतराव्या फेरीला तिसऱ्या वळणावर
कांबळ्यांच्या पोराची झेन उलटी झाली.
पोरगं खिडकीतनं सरपटत बाहेर आलं,
हेल्मेट काढलं, आणि पहिल्यांदा बूट झटकले.
माळभर धुरळा. मी पिवळं धरलं.
चार फेऱ्या बोलेरोच्या मागं गाड्या
वरातीत अडकल्यासारख्या, गुरगुरत.
मग बोलेरोचा दिवा विझला,
ती आत वळली,
आणि मी हिरवं उचललं.

हात गेला.
कापड मागनं आलं.

निशाण बहिणीनं शिवलेलं, परकराच्या उरलेल्या कापडातनं.
काठाचा दोरा सुटलेला मला माहीत होता.
सकाळी दातानं तोडणार होतो, राहिलं.
तो माझ्या घड्याळाच्या बकलात गुंतला.
किती वेळ? शिंक येऊन परत जावी, एवढा.
तेवढ्यात इर्शाद गेला.

मगदूम कापडाची वाट बघत होता. कायद्यानं बरोबर.
इर्शाद माझ्याकडं बघत होता.
त्याला मीच शिकवलंवतं, दोन वर्षांपूर्वी,
याच शेडात, पिस्टन धूत :
निशाण बघू नगंस, खांदा बघ.
तालमीत वस्ताद सांगायचे,
डावाच्या आधी खांदा बोलतो.

माझा खांदा बोलला होता.
मग मी गप्प बसलो.

इर्शादनं काल चषकाकडं बघितलंसुद्धा नाही.
गाडी ट्रेलरवर चढवताना तेवढं माझ्याकडं बघितलं,
रागानं नाही,
गणित जुळत नसलेलं पोरगं
गुरुजींकडं बघतं तसं.

"परत लाव नट," खुडे ओरडला.
पुन्हा पेला मागं, पुन्हा डबा पुढं.
पितळी नट आता बोटांच्या घामानं
जास्तच चमकायला लागलेला.
दिलावरनं चहा सांगितला, पाचात सात.
कुणी तरी शटर अजून थोडं वर केलं,
उन्हाची पट्टी माझ्या मनगटापर्यंत आली.

बकलाच्या खिळीत अजून अडकलेला,
बोटाच्या पेराएवढा, हिरवा.

"किती वाजलं रे?" सासने म्हणाला.

मी हात खिशात घातला.
म्हणालो, बंद पडलंय.