खिळे

आमराईत सकाळी मी पक्कड घेऊन जातो.
सदऱ्याचा खिसा एका बाजूला लोंबतो.
बाबालाल मुलाणी फाटक उघडता उघडता विचारतो,
"चौगुले अण्णा, आज किती?"
बघू, म्हणतो, सुटतील तेवढे.

चाळीस वर्षं हळदीच्या पेठेत पट्ट्या लिहिल्या,
नखांतलं पिवळं अजून गेलेलं नाही.
तेव्हा झाड म्हणजे
टेम्पो सावलीला लावायची जागा.

पुढं डॉक्टर म्हणाले, चाला. चाललो.
पहिलं वर्ष नुसते फेरे मोजले.
आरवाडे सर मनगटावर पावलं बघतात,
दोघी जावा सासूचं बोलून घेतात,
आणि शिरीषाच्या बुंध्याला टाच लावून
माणसं पोटऱ्या ताणतात,
भिंत समजून. मीही ताणल्या.

त्या शिरीषावर पांढऱ्या रंगात आकडा : २१४.
मोजणीवाल्यांनी घातलेला.

मग महापूर.
आम्ही विश्रामबागेत मेव्हण्याच्या माडीवर,
अकरा दिवस, गादीला गादी लावून.
सुलोचनानं देव आणि रेशनकार्ड आणलेलं,
मी किल्ल्या,
पाण्यानं भरलेल्या घराच्या.
झाडाची आठवण, खरं सांगतो, एकदाही झाली नाही.

परतलो तर भिंतीवर गाळाची रेघ,
माझ्या छातीएवढी.
घर धुऊन कंटाळलो तेव्हा आमराईत गेलो.
फाटक चिखलात आडवं.
२१४ मधला वरचा अर्धा आकडा पांढरा, खालचा मातीचा.
तीच रेघ.
छातीएवढीच.
मी चपला काढल्या.
का, ते विचारू नका.

त्या दिवशी पहिल्यांदा खिळे दिसले.
शिकवणीची पाटी, खोली भाड्याने,
कुणा भाच्याच्या वाढदिवसाचा फलक :
सगळं वाहून गेलेलं,
खिळे तेवढे जागच्या जागी.

आजवर तीनशे सहा.
सुलोचना ते चहाच्या बरणीत ठेवते,
भंगारवाल्याला देत नाही.
"परत कुणी ठोकील," म्हणते.

एक मात्र निघेना.
सालीनं त्याच्यावर ओठ मिटलेत,
फक्त टोपी दिसते, गंजकी, पैशाएवढी.
महिनाभर झटलो.
"राहू दे अण्णा," बाबालाल म्हणाला,
"तो आता त्याचा झालाय."

मी पक्कड खिशात टाकत होतो
तेवढ्यात एक नवा गडी आला, कानात गाणी,
हातानंच म्हणाला, जरा सरका,
आणि बुंध्याला टाच लावली.

सरकलो.