चार मिनिटं

पेट्रोल भरून झालं की आधी
नाक खाली घालायचं, कायतानमाम म्हणायचा,
उभ्या माणसाला वास लागत नाही.
ती वाफ हवेहून जड.
धुरासारखी चढत नाही,
पाण्यासारखी उतरते
फळ्यांखाली, इंजिनाच्या पायांपाशी,
जिथं सांडलेलं तेल आणि एखादं वाळकं सुंगट असतं,
तिथं पसरते
आणि बसून राहते.

कायतानमामला भिवया नव्हत्या.
कशा गेल्या ते त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
शापोऱ्याच्या धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं
की त्या सकाळी होडीत दोघे होते.

झाकण उघड. बटण दाब. पंखा फिरू दे.
चार मिनिटं.
घड्याळात बघू नकोस,
घड्याळात बघणाऱ्याला घाई असते.
तो स्वतः नमान मोरिये म्हणायचा, ओठांतल्या ओठांत.
मला त्यातलं काही येत नव्हतं.
येत होता तो शिवोलीच्या शाळेत
चिंचेच्या फोकानं पाठीत बसलेला
एकोणतिसांचा पाढा.
सावकाश म्हटला तर आठ वेळा.
मग किल्ली.

आता होडी मी चालवते.
परवाच्या डिसेंबरात बारा पाहुणे,
अंगाला क्रीम, गळ्यात कॅमेरे,
डॉल्फिन कधी, डॉल्फिन कुठे,
आणि फोनवर पुनाजीशेट:
अगे सगुणे, सोड की होडी, दुसरी खेप उभी आहे.
पंखा घरघरत होता, रोजच्यासारखा.
पाचव्या पाढ्याला, एकोणतीस नवे दोनशे एकसष्ट,
मी वाकले बाहेरच्या भोकापाशी,
नुसती सवय.

वारा येत होता.
वारा चांगला जोरात येत होता
पण त्याला खाडीचाच वास,
चिखलाचा, खारफुटीचा.
आत्ताच चाळीस लिटर ओतलेलं
आणि हा एवढा स्वच्छ वारा!
माझ्या हातापायांतलं बळच गेलं.

उतरा, म्हटलं. सगळे उतरा.
सिगरेट नको. फोन नको. प्रश्न नंतर.
ते उतरले, उन्हात, शिव्यांसकट.
मी श्वास धरून पोटावर पडले.
नळीची पट्टी सुटली होती,
तोंड वर आलं होतं झाकणाच्या काठाशी,
आणि पंखा बिचारा इमानानं
वरची चांगली हवा चांगल्या हवेत
नेऊन टाकत होता.
खाली, माझ्या कोपराखाली, ते तसंच होतं.
दिसत नाही काही.
डोळे चुरचुरतात, तेवढंच.

नळी खाली ढकलली,
तळाच्या पाण्यापासून चार बोटं वर,
जाळ्याच्या दोऱ्यानं बांधली, दुहेरी गाठ.
सगळी झाकणं उघडी टाकली.
थोड्या वेळानं भोकातून वास आला,
घाणेरडा, गोडसर, डोकं धरणारा,
आणि मी आईशप्पथ हसले.
तो वास जाईतो बसून राहिले.
पाढे किती झाले मोजले नाहीत.
मध्येच कुठंतरी नमान मोरिये
एवढे दोनच शब्द तोंडात आले,
पुढचं येत नव्हतं, परत तेच म्हटले.

इंजिन एका दमात लागलं.
किल्लीवरचा हात काढला तेव्हा कळलं,
दुसऱ्या हाताचं बोट भिवईवर होतं.

पुनाजीशेटनं त्या दिवसाचे पैसे कापले.
खेप बुडाली, म्हणाला.
होय, म्हटलं मी. नुसती खेप.